गुण आला, तिथंच फसले

झोपेच्या औषधाचा फॉर्म भरला तेव्हा रात्रीचे तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण नंतर मुलीनं माझ्या मोबाईलची हिस्टरी उघडून ती काढली. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या वेळेतच आहे.

मी साताऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय ५४. गेली तीन वर्षं रात्री दहाला डोळा लागायचा आणि अडीचच्या सुमाराला टक्क जाग यायची. पाळी जाण्याच्या काळात असं होतं हे ऐकून होते, पण जाग आली की डोकं असं सुरू व्हायचं की विचारू नका. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब जुळला का, यू-डायसच्या सरकारी शाळा-नोंदीत कुणाचा आधार नंबर चुकला, बीएलओच्या कामातल्या मतदार यादीतली ती गल्ली राहिली, आईच्या गुडघ्याचं काय करायचं. दिवसा यातलं एकही काम पाच मिनिटांपेक्षा मोठं नसतं. रात्री तीनला तेच डोंगराएवढं होतं. शेजारी हे घोरत असतात, त्याचाही राग येतो.

अशाच एका रात्री मोबाईलवर जाहिरात आली. 'रात्री मध्येच जाग येते? मन शांत होत नाही? शुद्ध आयुर्वेदिक, सवय न लागणारं.' नाव आणि नंबर टाकला. बस, एवढंच.

सकाळी मधल्या सुट्टीत फोन. "नमस्कार ताई, मी डॉक्टर बोलतोय." आवाज असा गोड आणि सावकाश, की घरचं कुणी इतकं सावकाश बोलून मला वर्ष झालं असेल. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, तुम्हाला साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये जाग येते ना?" मी गार. न सांगता कसं कळलं याला? म्हणाला, "यकृतात उष्णता साठली की हीच वेळ असते." मी मान डोलवली, फोनवर! तिसरीच्या वर्गाबाहेर उभं राहून.

आता कळतं ते सांगते. फॉर्म किती वाजता भरला हे त्यांच्या समोर लिहिलेलं असतं. तीन वाजता झोपेच्या औषधाचा फॉर्म भरणारी बाई तीन वाजता जागी असते, हे सांगायला नाडीपरीक्षा लागत नाही.

पहिल्या महिन्याचे २,९९० रुपये, पार्सल आल्यावर रोख. पांढरी प्लास्टिकची डबी, आत करड्या रंगाच्या कॅप्सूल, बाहेर अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसीची चित्रं. रात्री जेवल्यावर दोन.

आणि गुण आला. पहिल्याच रात्री. साडेनऊला घेतल्या, सकाळी सहाला ह्यांनी हलवून उठवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सलग झोप. मी शाळेत दोन बाईंना नंबर दिला, हे लिहिताना अजून लाज वाटते. सकाळी तोंड कोरडं पडायचं, दुपारपर्यंत डोकं जड असायचं, एकदा फळ्यावर सोप्या वजाबाकीत चुकले आणि पोरं हसली. पण झोपेपुढं याचं काय वाटतंय! 'विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे,' असं डॉक्टरसाहेबांनी सांगितलंच होतं. तीन महिन्यांच्या 'कोर्स'चे ८,४०० भरले.

दिवाळीच्या सुट्टीत आईकडे गेले आणि डबी घरी विसरले. पहिल्या रात्री अजिबात झोप नाही. आधी निदान दहा ते अडीच तरी झोपायचे, आता तीही गेली. दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, घाम, छातीत धडधड, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक कानात खिळा मारल्यासारखी. आईला वाटलं मला हार्टचा त्रास होतोय. तिसऱ्या दिवशी घरी येऊन दोन कॅप्सूल घेतल्या आणि तासाभरात सगळं शांत. तिथं मात्र पाल चुकचुकली. सवय न लागणाऱ्या औषधाला हे काय?

चौकात माझा जुना विद्यार्थी मेडिकल चालवतो. डबी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उलटी करून, चष्मा वर सरकवून पाहिली. "बाई, हे कुठून आणलंत? यावर लायसन नंबर नाही, बॅच नंबर नाही, कोणी बनवलं त्याचा पत्ता नाही. चित्रं तेवढी चांगली आहेत." आयुर्वेदिक असलं तरी औषधावर हे सगळं छापावंच लागतं, हे मला तेव्हा कळलं. मुलांना बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचायला लावणारी बाई मी, आणि स्वतःच्या पोटात जाणाऱ्या डबीची मागची बाजू मी बघितली नव्हती.

त्यानंच डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी लघवीची तपासणी सांगितली. त्यात बेन्झोडायझेपिन सापडलं, म्हणजे अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांची जात. या गोळ्या मी कधीच घेतलेल्या नव्हत्या, म्हणजे कॅप्सूलमधूनच आलं. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम मिसळतात, आणि ती ताडी बंद झाली की माणसं थरथरत, बरळत दवाखान्यात येतात, असं त्यांनी सांगितलं. माझं तेच झालं होतं, फक्त माझी ताडी कुरियरनं यायची. अल्प्राझोलाम चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. २०१४ पासून ते एच-वन यादीत आहे, दुकानदाराला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. हे लोक तेच चिमूटभर ब्राह्मीत घालून घरपोच देतात.

कुणी असं काही घेत असेल तर एक गोष्ट नीट ऐका: रागानं डबी कचऱ्यात टाकून मोकळे होऊ नका. रोजची सवय झाल्यावर एकदम बंद केलं तर फेफरंही येऊ शकतं. मला डॉक्टरांनी मोजलेल्या मात्रेची गोळी दिली आणि ती नऊ आठवड्यांत थोडी थोडी उतरवली. डबी मात्र बिलासकट ठेवा, तक्रारीला लागते.

माझी कथा इथं संपायला हवी होती. पण मी त्यांना फोन करून भांडले. दोन दिवसांनी 'रिफंड विभागा'तून बाईंचा फोन, अत्यंत अदबीनं. पैसे मंजूर झालेत, फक्त जीएसटीचे ४,९९९ आधी भरा, सगळे एकत्र परत येतील. भरले. हो, भरले. गोळी उतरत होती, चार-चार रात्री झोप नव्हती, आणि गेलेले पैसे परत यायच्या कल्पनेनं माणूस वेडा होतो. पुढं ७,५०० मागितले तेव्हा मुलगी समोर होती, तिनं फोन हिसकावला. तिनंच त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तक्रार केली. ४,९९९ रुपये समोरच्या खात्यात अडकवून ठेवलेत, अजून हातात आलेले नाहीत. रोख दिलेले ११,३९० गेले ते गेले. डबीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे केली, त्यांचा फुकट नंबर १८००-२२२-३६५.

झोपेचं म्हणाल तर अजून तुटते. डॉक्टरांनी औषधापेक्षा शिस्त जास्त दिली: झोप कधीही लागो, उठायचं साडेपाचलाच. वीसेक मिनिटांत परत डोळा लागला नाही तर अंथरूण सोडायचं, घड्याळ बघायचं नाही, मोबाईल दुसऱ्या खोलीत. डोक्यातली कामं संध्याकाळी सातला वहीत उतरवून, प्रत्येकापुढं उद्या काय करायचं तेवढं लिहायचं. 'तांदूळ – मुख्याध्यापकांना विचारणे.' एवढ्यानं तो तांदूळ रात्री येत नाही, याचं मलाच नवल वाटतं. अगदीच घाबरं झालं आणि बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात, काही विकत नाहीत.

उठले की मी स्वयंपाकघरात मंद दिवा लावून लसूण सोलते. पाकळी, साल, पाकळी, साल. फ्रीजमध्ये आता सोललेल्या लसणाच्या दोन बरण्या आहेत आणि ह्यांनी चटणीची फर्माईश बंद केली आहे.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत परत फोन आला. नंबर नवा, आवाज नवा, गोडवा तोच. "ताई, झोपेचा त्रास आहे ना?"

म्हटलं, "हो. मला किती वाजता जाग येते, सांगा बघू."

"अडीच ते साडेतीनच्या मध्ये, ताई."

चूक. आदल्या रात्री सव्वाएकलाच उठून मी अर्धा पाव लसूण सोलला होता.