टॉर रिलेसाठी ओपनबीएसडी: सिस्टीम दणकट, पण लाईन गेली की अडते

टॉर म्हणजे इंटरनेटवर ओळख लपवून वावरण्याचं जाळं, आणि रिले म्हणजे त्यातली वाहतूक पुढे ढकलणारे स्वयंसेवकांचे संगणक. यातले बहुतेक रिले लिनक्सवर चालतात. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीला विदर्भात सगळीकडे एकच बीटी कपाशी मिळाली. इथेही तोच धोका: कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) एक भोक सापडलं की जवळपास सगळं जाळं उघडं. म्हणून काही रिले ओपनबीएसडीसारख्या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर हवेत. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड हे भोक निघालं, तेव्हा रिलेवाल्यांना ते दुरुस्त करून चाव्याही नव्याने बनवाव्या लागल्या. त्याच वर्षी ओपनबीएसडीवाल्यांनी ओपनएसएसएलमधून स्वतःचं लिब्रेएसएसएल वेगळं काढलं.

२ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप पुरतो. 'पीकेजी_ॲड टॉर', मग टॉरआरसी या सेटिंगच्या फायलीत 'ओआरपोर्ट ९००१' आणि 'एक्झिटरिले ०' (एक्झिट म्हणजे वाहतूक जाळ्याबाहेर सोडणारा शेवटचा रिले; घरच्या इंटरनेटवरून तो चालवूच नका), शेवटी 'आरसीसीटीएल इनेबल टॉर' आणि 'स्टार्ट'. उघड्या फायलींची मर्यादा मात्र लॉगिन.कॉन्फमध्ये ८१९२ पर्यंत वाढवा. नाहीतर कनेक्शन वाढले की लॉग तक्रारींनी भरतो. मूळ सिस्टीमच्या दुरुस्त्यांना 'सिसपॅच' पुरतं, टॉरसाठी 'पीकेजी_ॲड -यू' चालवा. पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, आणि ती व तिच्या मागची एक एवढ्याच सांभाळल्या जातात. टाळाटाळ चालत नाही.

खरी अडचण भारनियमनाची. ओपनबीएसडीच्या फाइल सिस्टीमला जर्नल (डिस्कवरच्या बदलांची आधी केलेली नोंद) नाही. लाईन अचानक गेली की पुढच्या वेळी एफएससीके (डिस्कची तपासणी) चालतं, आणि जास्त बिघाड असेल तर मशीन 'एफएससीके -वाय' मागत थांबून राहतं. तुम्ही शेतात असाल तर रिले संध्याकाळपर्यंत बंदच. इन्व्हर्टर नसेल तर फ्रीबीएसडी ही दुसरी सिस्टीम घ्या, तिच्या यूएफएस या फाइल सिस्टीमला जर्नल आहे. विविधता दोन्हींनी वाढते. बायोसमध्ये 'लाईन आल्यावर आपोआप चालू' हेही लावा.

आधी एक तपासा: राउटरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला; बाहेरून रिलेपर्यंत वाट काढणारं पोर्ट फॉरवर्डिंग मग वाया. इंटरनेट कंपनीकडून पब्लिक आयपी विकत घ्यावा लागतो. महिन्याची डेटा मर्यादा ३३०० जीबी असेल तर 'अकाउंटिंगमॅक्स १५०० जीबाइट्स' ठेवा, कारण टॉर येणारा-जाणारा यांपैकी मोठा आकडा मोजतो, कंपनी दोन्हींची बेरीज करते. अपलोड १० मेगाबिटपेक्षा कमी असेल तर रिलेऐवजी ब्रिज (उघड यादीत नसलेलं टॉरचं प्रवेशद्वार) चालवा.

'/व्हार/टॉर/कीज' पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. डिस्क गेली आणि चाव्या नसल्या तर रिलेची ओळख नवी धरली जाते, आणि गार्ड (वापरकर्त्याचा पहिला रिले) होण्यासाठीची आठवड्यांची वाट पुन्हा पहिल्यापासून.