लक्ष्मी विलासमध्ये खोली भाड्याने मिळत नाही

ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून थांबलं तरी चालेल. बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस हॉटेल नाही. गायकवाड घराणं आजही तिथे राहतं, वाड्याचा काही भाग तिकीट काढून बघता येतो, आवारात लग्नं-समारंभ होतात. मुक्कामाला मात्र खोली मिळत नाही. साधीही नाही आणि 'रॉयल स्वीट'ही नाही. आम्हा बडोदेकरांना हे इतकं अंगवळणी पडलंय, की बाहेरच्या माणसाला ते सांगावं लागेल असं कधी वाटलंच नाही.

पुण्याच्या माझ्या भाच्याने आईबाबांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला त्यांच्यासाठी सरप्राइज ठरवलं. बडोद्यात मावशी राहते, तरी मावशीलाही कळू द्यायचं नाही, कारण मावशीच्या पोटात काही राहत नाही. (खरं आहे ते.) मोबाइलवर त्याला एक रील दिसलं होतं: लक्ष्मी विलासचा दर्शनी भाग, संध्याकाळचे दिवे, मागे सनई, आणि 'राजवाड्यात 2 रात्री 3 दिवस, जोडप्यासाठी फक्त 24,999'. खाली व्हॉट्सॲपचं बटण.

पलीकडच्या माणसाशी झालेलं सगळं बोलणं मी नंतर भाच्याच्या फोनवर वाचलं, आणि खरं सांगते, मीसुद्धा थक्क झाले. माणूस तयारीचा होता. पॅलेस सयाजीराव महाराजांनी बांधला, आराखडा चार्ल्स मँटचा, ते 1881 मध्ये वारले, मग रॉबर्ट चिझमने काम पुढे नेलं आणि 1890 मध्ये ते पुरं झालं, हे सगळं त्याने अचूक लिहिलं होतं. दरबार हॉलच्या जमिनीवरचं व्हेनिसचं मोझॅइक, खिडक्यांची बेल्जियमची रंगीत काच, आवारातली नवलखी वाव (पायऱ्यांची विहीर), सगळं बरोबर. भाच्याने शंका काढली होती, "तिथे तर राजघराणं राहतं ना?" त्यावर लगेच उत्तर: "सर, जोधपूरच्या उमेद भवनातही राजघराणं राहतं आणि त्याच वास्तूत हॉटेलही आहे. ग्वाल्हेरला उषाकिरण पॅलेस आहे, उदयपूरला लेक पॅलेस आहे. आम्ही हे आत्ताच सुरू केलंय, म्हणून सुरुवातीचा कमी दर." आता यातलं जोधपूर खरं, ग्वाल्हेर खरं, उदयपूर खरं. खोटं फक्त शेवटचं वाक्य. भाचा गूगलवर एकेक गोष्ट ताडून बघत होता आणि प्रत्येक गोष्ट खरी निघत होती. जी एकच ताडायची होती तिच्यासाठी पॅलेसच्या तिकीट खिडकीवर फोन करावा लागला असता, आणि त्या माणसाने नेमकं तिथून लक्ष हटवलं होतं: "पॅलेसच्या नंबरवर फोन करू नका सर, ते फक्त म्युझियमचं बघतात, त्यांना आमच्या बुकिंगची कल्पना नसते."

हे वाक्य लक्षात ठेवा. जागेच्या मूळ नंबरवर विचारू नका असं कोणी सांगितलं की आधी तोच नंबर फिरवायचा.

पैसे एकरकमी गेले नाहीत. आधी 5,000 आगाऊ, क्यूआर कोडवर. ॲपमध्ये नाव दिसलं ते कुठल्याशा खासगी इसमाचं. "ते आमच्या ट्रस्टचे अकाउंटंट." मग उरलेले 19,999. मग जीएसटीचे 4,500. इथेही बघा, दर बरोबर! रात्रीचं भाडं साडेसात हजारांवर गेलं की 18 टक्के लागतात, आणि 24,999 चे 18 टक्के तेवढेच होतात. त्यानंतर आली 'अँटिक फर्निचरची अनामत', 10,000, निघताना परत मिळणारी. भाच्याने तीही भरली, शुक्रवारी रात्री. दहा मिनिटांत फोन: "सर, सिस्टिमने रक्कम घेतली नाही. कोड जुळायला 10,001 हवे होते. तेवढे पाठवा, आधीचे 10,000 आपोआप परत येतील." पाठवले. एकूण 49,500.

ही एक रुपयाची गंमत मला आधी कळलीच नाही. सायबर पोलिसांकडच्या बाईंनी समजावून सांगितली. माणसाचे पैसे अडकले की ते सोडवायला तो आणखी घालतो, आणि 10,001 सारखा विचित्र आकडा ऐकला की त्याला वाटतं, मागे खरंच काही संगणकाची भानगड असणार. 10,001 मिळाल्यावर त्या माणसाने पुढे 20,002 मागितले असते का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "सकाळी त्याचा फोन भाच्याला लागला असता तर मागितलेच असते."

शनिवारी ताई आणि भाऊजी बोरिवलीहून सकाळच्या गाडीने बडोद्याला उतरले. स्टेशनवर विंटेज मोटार येणार होती. ताईने नवी पैठणी नेसलेली, भाऊजींच्या अंगात जोधपुरी कोट, आणि मे महिना! तासभर वाट बघून भाऊजींनी मला फोन केला, "अगं, राजवाड्याचा ड्रायव्हर ओळखायचा कसा?" मला वाटलं, उन्हाचा परिणाम. मी रिक्षा करून स्टेशनवर गेले, त्यांच्या हातातला कन्फर्मेशनचा कागद बघितला, तरी भाऊजींना वाटत होतं की फाटकावर जाऊन विचारू. गेलो. तिथल्या पहारेकऱ्याने कागद उलटसुलट केला आणि मराठीतच म्हणाला, "काकी, इथे मुक्कामाचं काही नाही. हा कागद आमचा नाही." बिचारा हसला नाही. ताई रिक्षात बसून राहिली, उतरलीच नाही.

कागद मी घरी नीट पाहिला. तिसऱ्या दिवशीचा कार्यक्रम: 'सोमवार सकाळ, पॅलेस व म्युझियम दर्शन'. सोमवारी पॅलेस बंद असतो. जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होत होता. 07 म्हणजे दिल्ली. गुजरातचा 24 ने सुरू होतो, महाराष्ट्राचा 27 ने. हा क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की तो कोणत्या नावावर आहे ते कोणालाही फुकट दिसतं. या कागदावरचा क्रमांक तिथे सापडलाच नाही.

भाच्याला मी फाटकावरूनच फोन लावला आणि म्हटलं, रडणं नंतर, आधी 1930. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा नंबर आहे. तिथे प्रत्येक व्यवहाराचा यूपीआय संदर्भ क्रमांक, बारा आकडी, विचारतात. तो ॲपच्या इतिहासात मिळतो. तक्रार cybercrime.gov.in वरही टाकता येते. तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे पोचलेत त्या बँकेला रक्कम रोखायला सांगितलं जातं. पण चोर काय खात्यात ठेवत बसतो? एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. शुक्रवार रात्रीचे 10,001 दुसऱ्या खात्यात अडवले गेले. बाकीचे काढून झाले होते. अडवलेली रक्कमही हातात पडायला कागदपत्रांची फेरी आहे, ती अजून चालू आहे.

बँकेत भाच्याला जे उत्तर मिळालं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक होतं: बँकेची आणि तुमचीही चूक नसताना तिसऱ्याच कोणी तुमच्या खात्यातून पैसे उचलले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमच्या माथी येत नाही. पण इथे पिन भाच्याने स्वतः टाकला होता. कागदावर हा त्याने राजीखुशीने केलेला व्यवहार. फसवून पिन टाकायला लावला, या गोष्टीला त्या परिपत्रकात जागा नव्हती. मला हे अन्यायाचं वाटतं, पण तेव्हा नियम असा होता.

ताई-भाऊजी दोन रात्री आमच्याकडे, दांडिया बाजारात राहिले. रविवारी तिकीट काढून पॅलेस पाहिला, कानाला ऑडिओ गाइड लावून. फत्तेसिंह म्युझियममधली रविवर्म्याची चित्रं ताईने इतका वेळ बघितली, की भाऊजी बाहेर बाकावर जाऊन बसले. संध्याकाळी कीर्तिमंदिर, मग सेव उसळ. भाच्याला दोघांनी एका शब्दाने बोल लावला नाही. माझ्या मिस्टरांनी मात्र लावला, आणि तो लावायला नको होता. असं बोलतात म्हणूनच पोरं घरी सांगत नाहीत आणि 1930 ला फोन उशिरा जातो.

ते रील टाकणाऱ्या पानाची तक्रार आम्ही घरातल्या प्रत्येक मोबाइलवरून केली. ते बंद झालं. परवा भाच्याने नवं पाठवलं: तीच सनई, तोच 24,999 चा आकडा, फोटो राजस्थानातल्या एका महालाचे. तुम्हालाही दिसलं तर फक्त पुढे सरकू नका, रिपोर्टचं बटण दाबा. आणि बुकिंग करायचंच असेल तर त्या महालाचा नंबर पर्यटन खात्याच्या यादीतून काढून आधी तिथे विचारा.