फोर्टमध्ये रेकॉर्ड झालेला जॉर्ज हॅरिसन : ‘वंडरवॉल म्युझिक’ नव्याने ऐकताना

बीटल्स या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्या स्वतंत्र कामाची चर्चा १९७०च्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’पासून सुरू होते. त्याच्या दोन वर्षं आधीचा ‘वंडरवॉल म्युझिक’ बहुतेकांच्या यादीत नसतो, असलाच तर ‘सिनेमाचं पार्श्वसंगीत’ म्हणून बाजूला पडलेला असतो. खरं तर बीटल्सपैकी एकाच्या स्वतःच्या नावावर निघालेला हा पहिला अल्बम आणि बीटल्सच्याच अ‍ॅपल रेकॉर्ड्स या कंपनीची ही पहिली एलपी. इंग्लंडमध्ये तो १ नोव्हेंबर १९६८ला आला आणि तीन आठवड्यांनी, २२ तारखेला, बीटल्सचा पांढऱ्या कव्हरचा डबल अल्बम आला. त्या लाटेत हा वाहून गेला. ब्रिटिश चार्टवर तो लागलाच नाही, अमेरिकेत ४९व्या क्रमांकापर्यंत पोचला.

आपल्यासाठी या रेकॉर्डचं मोल वेगळं आहे. तिचा मोठा भाग मुंबईत, फोर्टमध्ये, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जानेवारी १९६८मध्ये मुद्रित झाला. त्या काळचे मुंबईतले कसलेले वादक एका परदेशी रॉक संगीतकाराच्या सूचनांवर कसं वाजवत होते, याचं हे ध्वनिमुद्रण आहे. हॅरिसनच्या चाहत्यांइतकंच आपल्या वाद्यसंगीताच्या श्रोत्यांनीही ते घरात ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी अपेक्षा नीट करून घ्यावी लागते, कारण निराशा तिथेच होते. यात नेहमीच्या अर्थानं गाणी नाहीत. हॅरिसनचा आवाज शोधत बसाल तर दहा मिनिटांत बंद कराल. पंचेचाळीस मिनिटांत १९ तुकडे आहेत आणि त्यातले कित्येक सव्वा-दीड मिनिटाचे. जो मॅसोट या दिग्दर्शकाचा ‘वंडरवॉल’ हा सिनेमा म्हणजे एका एकलकोंड्या प्राध्यापकाची गोष्ट. भिंतीला पडलेल्या भोकातून तो शेजारच्या मॉडेलचं आयुष्य पाहत राहतो. संवाद फारच थोडे, त्यामुळे बोलायचं काम संगीताकडे आलं. हॅरिसनला पूर्ण मोकळीक होती. स्टॉपवॉच हातात घेऊन त्याने प्रत्येक प्रसंगाची लांबी मोजली आणि तेवढ्याच लांबीचं संगीत करून घेतलं. तुकडे मध्येच संपल्यासारखे वाटतात ते त्यामुळे. संगीतासाठी ६०० पौंड मंजूर होते, त्याने १५,००० खर्च केले.

मुंबईच्या ट्रॅक्सचा आवाज समजून घ्यायचा तर तिथली साधनं माहीत हवीत. स्टुडिओत फक्त मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्रच मुद्रित करणारं यंत्र होतं. एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं, म्हणजे टेपवर आवाजाचे दोन वेगळे पट्टे मुद्रित करणारं स्टिरिओ यंत्र रेल्वेने मागवलं आणि त्यावर हे काम झालं, असं हॅरिसनने पुढे सांगितलं होतं. दोन ट्रॅक म्हणजे बहुतेक वेळा सगळे वादक एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवणार. सूरबहार मागे पडली किंवा तबला जोरात आला, तर नंतर दुरुस्ती नाही. तोल साधायचा तो माइकपासूनच्या अंतरावर आणि वादकाच्या हातावर. अल्बमचा उरलेला भाग लंडनमध्ये झाला. तिथे चार ट्रॅक होते, एकावर एक थर चढवता येत. म्हणून लंडनचे तुकडे भरगच्च वाटतात आणि मुंबईचे मोकळे, हवेशीर. मला मुंबईचेच जास्त आवडतात. वाद्यांमधली जागा ऐकू येते.

त्या जागेत फोर्टही शिरला आहे. स्टुडिओ पुरेसा ध्वनिरोधक नव्हता. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिने उतरणाऱ्या पावलांमुळे रेकॉर्डिंग थांबवावं लागे आणि नीट कान दिला तर काही ट्रॅक्सवर टॅक्सी जाताना ऐकू येते, हेही हॅरिसनने नोंदवून ठेवलं आहे. चांगल्या हेडफोनवर शांत तुकड्यांच्या शेवटी, वाद्यांची आस विरत जाते तिथे लक्ष ठेवा. तुमच्या प्रतीत काही खोट आहे असं समजू नका, तो रस्ता आहे.

वादकांची यादी पाहिली की या कामाचं वजन कळतं. सरोदवर आशिष खाँ, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाड. सतारवादकांत शंभू दास आहेत. १९६६मध्ये हॅरिसन मुंबईत सतार शिकायला आला होता तेव्हा त्याला शिकवणाऱ्यांपैकी ते एक, आणि या वेळी वादक जमवण्यातही त्यांचा हात होता. लंडनच्या बाजूला रेमो फोर हा लिव्हरपूलचा बँड आणि पियानोवादक-संयोजक जॉन बॅरम.

सुरुवातीचा ‘मायक्रोब्ज’ पावणेचार मिनिटांचा. सनईचा सूर इतका सावकाश पसरतो की रॉकच्या श्रोत्याला काय चाललंय ते कळायला मिनिटभर लागतं. तिसरा ‘तबला अँड पखवाज’ जेमतेम एक मिनिट पाच सेकंदांचा, पण तुमच्या यंत्रणेची परीक्षा घ्यायला यासारखा तुकडा नाही. तबल्याच्या जोडीतल्या डाव्या डग्ग्याला कायमची शाई असते, पखवाजाच्या डाव्या अंगाला ऐन वेळी ओली कणीक थापतात. त्यामुळे पखवाजाचा ‘धा’ जास्त खोल आणि पसरट येतो, तर डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड स्पष्ट उमटते. फोनच्या स्पीकरवर खालची कंपनं पोचतच नाहीत, दोन्ही वाद्यं सारखीच टकटक वाजतात. हा फरक ऐकू येत नसेल तर अल्बमबद्दल मत बनवायच्या आधी स्पीकर किंवा हेडफोन बदला.

‘स्कीइंग’ आणि ‘गत किरवानी’ हे आठवा-नववा तुकडा जोडीनेच ऐकायचे. पहिल्यात एरिक क्लॅप्टनची, फझ लावून आवाज मुद्दाम फाटका केलेली इलेक्ट्रिक गिटार धारदार वळसे घेत राहते. तो संपतो आणि लगेच गत, म्हणजे तालात बांधलेली वाद्यरचना, सुरू होते. किरवानी मूळ कर्नाटक पद्धतीतला राग. कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद ही त्याची चौकट पाश्चात्य संगीतातल्या हार्मोनिक मायनर या स्वरमालेशी तंतोतंत जुळते, म्हणून गिटारच्या कानाला तो परका वाटत नाही. हॅरिसनने रागाची निवड याच हिशेबाने केली की नाही, ते बाजूला ठेवू. दोन तुकडे शेजारी ठेवण्यात मात्र त्याचा कान दिसतो. फक्त सव्वा मिनिटात गत आटोपते. द्रुत लय जमते न जमते तोच कात्री. पूर्ण मैफलीची सवय असलेल्या माणसाला हे बोचणार, मलाही बोचतं.

‘लव्ह सीन’ या बाबतीत उदार आहे, सव्वाचार मिनिटं. यात आशिष खाँ स्वतःशीच सवाल-जवाब करतात. एक सरोद आधी वाजवून ठेवली आणि ती ऐकत दुसरी वर वाजवली. रॉकमध्ये हे रोजचं होतं, आपल्या वादकांना नवं होतं. दोन्ही हात एकाच माणसाचे असल्याने आघाताची जात तीच राहते, तरी दुसरी सरोद पहिलीच्या वाक्याचा शेवट झेलून पुढे जाते. हा अल्बममधला सर्वांत सुंदर तुकडा आहे. त्याच्यानंतर येणारा ‘क्राइंग’ ऐकताना बरेच लोक सारंगी समजतात. ती तारशहनाई आहे, म्हणजे इसराजच्या जातीचं गजाने वाजवायचं वाद्य, ज्याला आवाज मोठा करायला भोंगा बसवतात. त्या भोंग्यामुळे आवाजात सनईसारखा नाकातला पीळ येतो. हॅरिसनला हा तुकडा इतका प्रिय होता की १९८१च्या ‘समव्हेअर इन इंग्लंड’मधल्या शेवटच्या गाण्याच्या अखेरीस त्याने तो पुन्हा वापरला.

‘ड्रीम सीन’ साडेपाच मिनिटांचा. उलट्या फिरवलेल्या टेप, डावीकडून उजवीकडे सरकणारे गायनाचे आवाज, एकात एक मिसळलेले तुकडे. बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमवरचा ‘रेव्होल्यूशन ९’ हा टेपांचा वादग्रस्त प्रयोग याच्या काही महिने नंतरचा. ज्यांना तो अंगावर येतो त्यांनी आधी हा ऐकावा, इथे स्वप्न खरोखर स्वप्नासारखं वाहतं.

लंडनचं सगळंच उत्तम आहे असं म्हणणार नाही. ‘पार्टी सीकोम्ब’ साडेचार मिनिटं एकाच ठेक्यावर फिरत राहतो. पडद्यावर पार्टी चालू असताना चाललं असेल, नुसतं ऐकताना लांबतं. ‘काउबॉय म्युझिक’ आणि ‘ड्रिलिंग अ होम’ या गमतीच्या नकला, एकदा ऐकून पुरे. ‘ऑन द बेड’ मात्र सोडू नका.

कुठली प्रत घ्यावी? १९९२ची सीडी सोडून द्या. २०१४ची रीमास्टर केलेली आवृत्ती स्वच्छ आहे आणि तिच्यात तीन जादा ट्रॅक आहेत. त्यातला ‘द इनर लाइट’चा नुसत्या वाद्यांचा पर्यायी टेक, म्हणजे वेगळं ध्वनिमुद्रण, एवढ्या एकासाठीही पैसे वसूल. मुंबईच्याच सत्रांत मुद्रित झालेल्या या चालीवर नंतर लंडनमध्ये शब्द चढले आणि मार्च १९६८मध्ये ती बीटल्सच्या सिंगलच्या मागच्या बाजूला निघाली. बासरी हरिप्रसाद चौरसियांची. गायन नसल्याने वाद्यांची गुंफण इथे उघडी दिसते.

एलपी घ्यायची असेल तर २०१७चं पुनर्मुद्रण सुरक्षित. एक अडचण मात्र सगळ्याच एलपींना आहे. पहिली बाजू साधारण पंचवीस मिनिटांची, म्हणजे खाचा दाटीने कापलेल्या आणि आवाजाची पातळी थोडी खाली. शिवाय ‘ड्रीम सीन’ त्या बाजूच्या अगदी शेवटी, लेबलजवळ येतो. आत गेल्यावर एका फेरीत सुईखालून कमी लांबीची खाच सरकते, तीव्र स्वर तिथे सर्वांत आधी फाटतात. तो तुकडा फाटका वाजला तर लगेच रेकॉर्डला दोष देऊ नका. सुई झिजली आहे का आणि सुई धरणारं कार्ट्रिज नीट कोनात बसलं आहे का, ते तपासा. जुनी ब्रिटिश प्रत घेताना विक्रेत्याला हाच भाग वाजवून दाखवायला सांगावं. तेव्हा मोनो आणि स्टिरिओ दोन्ही निघाल्या होत्या. मोनो दुर्मीळ आणि महाग, पण सरकत्या आवाजांचा खेळ तिच्यात उरत नाही, म्हणून ऐकायला स्टिरिओच घ्या.

स्ट्रीमिंगवर शोधताना नुसतं ‘वंडरवॉल’ टाकलं तर ओएसिस या ब्रिटिश बँडचं १९९५चं गाणं वर येतं. त्या गाण्याचं नाव याच अल्बमवरून आलेलं आहे. म्हणून हॅरिसनचं नाव जोडून शोधा, आणि यादीच्या शेवटी ते तीन जादा ट्रॅक आहेत का बघा. शफल बंद ठेवा, एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणारा क्रॉसफेडही बंद, नाहीतर सव्वा मिनिटाच्या ‘गत किरवानी’चे पहिले-शेवटचे काही सेकंद गिळले जातात. प्रत्येक ट्रॅकचा आवाज समान करणारी सोय चालू असेल तर तीही काढून टाका. ‘क्राइंग’ला ‘पार्टी सीकोम्ब’इतकं मोठं करायची गरज नाही.