नवा एक्सल, जुना नट

गाडी २०११ची. छोटी हॅचबॅक, चार गिअरची, जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लचचा नाद सोडला आणि ही सेकंडहँड घेतली. ९२ हजार किलोमीटर झाल्यावर तिला थरथर सुरू झाली. शहरातल्या गर्दीत काहीच नाही. पण कात्रजचा चढ लागला आणि पाय दाबला, की चाळीस ते साठच्या दरम्यान गाडी कमरेतून डोलायची. स्टिअरिंग फारसं हलत नसे. सीट आणि पायाखालचा पत्रा मात्र डावी-उजवीकडे हेलकावे खायचा. पाय उचलला की लगेच शांत.

'पाय उचलला की शांत' हे मी गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरीही साडेचौतीस हजार घालवून बसले.

गॅरेज घराजवळचं, चकचकीत. एसीची खोली, कॉफीचं मशीन. मालक तरुण, दर दोन शब्दांमागे 'मॅडम'. त्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "डावा एक्सल गेलाय मॅडम." (गिअरबॉक्सचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा, ड्राइव्हशाफ्ट. गॅरेजात सगळे त्याला एक्सलच म्हणतात. गिअरबॉक्सकडच्या टोकाला आतला जॉइंट, चाकाकडच्या टोकाला बाहेरचा.) खरं सांगायचं तर निदान बरोबर होतं. मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते. त्याला रोग कळला होता.

१४,५०० रुपये ठरले. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर दोन फोटो आले. एकात नवा कोरा खोका, दुसऱ्यात लिफ्टवर चढवलेली गाडी आणि तिच्याखाली काळाकुळकुळीत चमकणारा एक्सल. मी पैसे यूपीआयने दिले. हातात पडली ती एक चिठ्ठी, 'एक्सल असेंब्ली एलएच न्यू' (एलएच म्हणजे डावा) एवढंच लिहिलेली. जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही. जुना एक्सल मागितला तर म्हणाला, "तो कंपनीला परत द्यावा लागतो, एक्सचेंजमध्ये असतो." मी मान डोलावली. बँकेत रोज लोकांना 'पावती जपून ठेवा' म्हणणारी बाई मी.

दुसऱ्या दिवशी कात्रजला तीच थरथर. परत गेले. त्याने चेहरा गंभीर केला. "एक्सल तर नवा टाकलाय मॅडम. म्हणजे आता दोष आत आहे. गिअरबॉक्स. टॉर्क कन्व्हर्टर." (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो भाग.) खर्च ६५ हजार, सुटे भाग मागवायला २० हजार ॲडव्हान्स. मी दिले.

बघा, इथे काय झालं ते. एक्सल बदलूनही थरथर गेली नाही, म्हणजे दोष एक्सलचा नाही, हा तर्क अगदी सरळ आहे. कुणीही असंच म्हटलं असतं. फक्त त्या तर्काचं पहिलंच वाक्य खोटं होतं. त्या खोट्या कामाने १४,५०० तर खाल्लेच, वर खरा दोष यादीतून खोडून टाकला. आता दुसऱ्या कुणाकडे गेले असते तरी मीच सांगितलं असतं, "एक्सल नको बघू, नवा आहे."

सुटे भाग काही येईनात. तेवढ्यात साताऱ्याला मामेबहिणीचं लग्न आलं. आई, मावशी आणि मागे आहेराच्या पिशव्या घेऊन निघाले. सातारा रस्त्यावरचं खंडाळा सोडून खंबाटकी घाट चढायला लागलो आणि गाडी अशी थरथरली की मावशीने रामरक्षा सुरू केली. कशीबशी साताऱ्यात पोचले. मामाने एमआयडीसीतल्या त्याच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेलं. साठीचे चाचा, शेड पत्र्याची, कॉफीबिफी काही नाही.

चाचांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. "ताई, गाडी तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो." ब्रेक दाबून डी मध्ये उभी करायला लावली. फार थरथर नाही, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ती रबरी फाउंडेशनं ठीक. मग हायवेला ऐंशीवर नेऊन ॲक्सिलरेटर सोडायला सांगितला. गाडी लोण्यासारखी. चाकाचं बॅलन्सिंग गेलं असतं तर पाय सोडला तरी ती हललीच असती, कारण तो दोष वेगावर जातो, जोरावर नाही. मग साठच्या एकसारख्या वेगात काटा बघायला लावला. एकसारख्या वेगात कन्व्हर्टर लॉक होतो, त्या वेळी तो खराब असेल तर रम्बलरवरून गेल्यासारखं लागतं, आरपीएमचा काटा फडफडतो आणि ब्रेकला नुसता पाय टेकवला की लॉक सुटून ते थांबतं. माझा काटा जागचा हलला नाही. शेवटी चढावर. "दाबा." थरथर. "सोडा." बंद. "दाबा." थरथर. तीनदा केलं.

"आतला जॉइंट," चाचा म्हणाले.

"पण चाचा, एक्सल नवीन आहे."

ते काही बोलले नाहीत. गाडी जॅकवर घेऊन चाक काढलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. हबच्या मधोमध एक्सलचा मोठा नट असतो. कसून झाल्यावर त्याची कड छिन्नीने खाचेत ठोकतात, म्हणजे तो सुटत नाही. माझ्या नटाची ती ठोकलेली कड गंजून तांबूस झालेली, खाचेत वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली. "हा नट उघडल्याशिवाय एक्सल निघत नाही. तुमचा काय उडून बाहेर आला?" मग टॉर्च आत मारला. चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मवर काळ्या स्प्रेचे शिंतोडे. जॉइंटवरच्या रबरी बुटाच्या, म्हणजे टोपणाच्या, क्लिपवरही तोच रंग, क्लिपसकट मारलेला. एक्सल जागेवरून हललाच नव्हता. त्याला नुसता रंग फासला होता.

एक्सल काढून चाचांनी आतल्या जॉइंटचं ग्रीस पुसलं. आत तीन रोलर तीन खाचांमधून पुढेमागे सरकतात. "नख फिरवा." मी एका खाचेत नख फिरवलं. एका जागी ते अडकलं. रोलरने तिथे चक्क घर केलं होतं. गाडी जोर घेते तेव्हा पुढून थोडी उचलली जाते, एक्सलचा कोन वाढतो, रोलर त्या खळग्यात अडखळतो आणि सगळी गाडी डोलते. वळताना कटकट वाजते ती बाहेरच्या जॉइंटची. माझ्या गाडीत ती नव्हती.

नवा एक्सल ६,८००, मजुरी १,२००, पक्कं बिल. खोका चाचांनी माझ्यासमोर फोडला. परत येताना खंबाटकीला बोगदा लागतो, चढ नाही, म्हणून मुद्दाम कात्रजला पूर्ण पाय दाबून बघितला. काही नाही. मावशी तर झोपली होती.

पुण्यात आल्यावर जुना एक्सल डिकीत टाकून त्या मालकाकडे गेले. आधी म्हणाला, हा तो एक्सलच नव्हे. मग म्हणाला, पोरांनी केलं असेल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर २० हजार परत आले. त्याने गिअरबॉक्सला हातही लावला नव्हता, तेव्हा तिथे त्याला बोलायला जागा नव्हती. १४,५००साठी मात्र तो अजून अडून बसलाय. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार करते आहे. दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांच्या आतल्या कामाला फी नाही. चिठ्ठी, व्हॉट्सॲपचे फोटो, यूपीआयची नोंद आणि चाचांनी चाक काढल्या काढल्या माझ्या फोनवर काढायला लावलेला त्या गंजक्या नटाचा फोटो, एवढं जोडलंय. जुना एक्सल बाल्कनीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. आई रोज विचारते, हे भंगार कधी देणार. तिला सांगितलंय, तारीख लागेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.