शाहूपुरीतील तळमजल्यासाठी करून घेतलेली सागवानी कपाटे: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमचे घर कोल्हापुरातल्या शाहूपुरीत तळमजल्यावर आहे. २०१९ च्या महापुरात स्वयंपाकघरात दोन फूट पाणी साचले आणि ओट्याखालची पार्टिकल बोर्डची कपाटे लगद्यासारखी फुगली. नवी बसवली, तर २०२१ मध्ये त्यांचीही तीच गत झाली. म्हणून या वेळी तयार ट्रॉली न घेता राजारामपुरीतील एका छोट्या सुतार कारखान्याकडून कपाटे करून घेतली. एक पूर्ण पावसाळा ती वापरल्यावरच हे लिहीत आहे.

मिस्त्रींनी नमुन्यांचे फोटो दाखवण्याआधी पाणसळ आणि काटकोन तपासायचा गुण्या काढला. भिंती काटकोनात नव्हत्या, ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाऊण इंचाचा फरक होता. त्यानंतर त्यांनी मला ओट्याशी उभे करून उंची ठरवली आणि वर्षभराच्या चटणीच्या बरण्या किती, तांदळाचे पोते कुठे ठेवता, हेही विचारले.

कपाटांचे सांगाडे आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवुडचे भारतीय मानक) शिक्क्याच्या १८ मिलिमीटर प्लायवुडचे आहेत, तर दारे आणि ड्रॉवरचे दर्शनी भाग सागवानाचे. सगळेच सागवानी करण्याचा माझा आग्रह त्यांनी मोडून काढला, आणि त्यांचे म्हणणे आता पटते. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे रुंद अखंड फळीचे दार पावसाळ्यात अडकणारच. त्यांनी कुसू घालून, म्हणजे एका पट्टीचे टोक दुसरीच्या खाचेत बसवून, चौकट जोडली आणि मधली फळी खाचेत सरस न लावता मोकळी ठेवली, म्हणजे फुगायला तिला जागा मिळते. जुलैच्या संततधारेतही एकही दार घासले नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती कपाटांची मांडणी. ओटा कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर स्वतंत्रपणे उभा आहे आणि खालचे प्रत्येक कपाट स्क्रूने बसवलेली वेगळी पेटी आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे जाऊ लागली, की स्क्रू काढून पेट्या वरच्या मजल्यावर नेता याव्यात, हा त्यामागचा विचार. जूनमध्ये आम्ही दोघांनी सराव म्हणून दोन पेट्या काढून जिन्याने वर नेल्या. पाऊण तास लागला. बिजागऱ्या एका दाबाने सुटणाऱ्या असल्यामुळे दारे आधी उतरवता आली, एरवी ते वजन आम्हाला पेलले नसते.

तक्रारीही आहेत. पंचवीस दिवसांत देतो म्हणालेल्या कामाला सात आठवडे लागले. लाकूड पुरेसे वाळले नव्हते, हे कारण योग्यच होते, पण ते आम्ही तीनदा फोन केल्यावर कळले, आणि तोवर गॅस बाहेरच्या खोलीत मांडून स्वयंपाक चालला होता. सिंकखालच्या पेटीत पाइपासाठी पाडलेल्या भोकाच्या कडा उघड्याच सोडल्या होत्या. तिथे ओल धरून लॅमिनेट उचलले गेले. कितीही चांगले प्लायवुड असले, तरी कापलेली कड सीलबंद केली नाही तर पाणी तिथूनच आत शिरते. मिस्त्रींनी ती बाजू पैसे न घेता बदलून दिली, मात्र गणपतीनंतर.

खर्च लॅमिनेटच्या ट्रॉलींच्या जवळजवळ दुप्पट झाला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एवढा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. पूररेषेजवळच्या तळमजल्यासाठी मात्र मी हेच काम पुन्हा करून घेईन. फक्त सिंकखालची भोके पाडली जात असताना स्वतः तिथे उभी राहीन.