लघुप्रबंधासाठी समीक्षेची कोणती वाट? ‘नटसम्राट’ आणि बागुलांच्या कथेवर तीन पद्धती पारखून

एम.ए.च्या लघुप्रबंधाचा विषय ठरवताना बरेच जण आधी पद्धत निवडतात आणि मग तिच्यात बसेल असे पुस्तक शोधत फिरतात. ‘मला मानसशास्त्रीय समीक्षा करायची आहे, कादंबरी सुचवा’ अशी सुरुवात झाली की तिसऱ्या महिन्यात गाडी हमखास अडते. क्रम उलटा हवा. आधी साहित्यकृती, मग तिच्यातला आपल्याला न सुटणारा प्रश्न, आणि त्या प्रश्नाला कोणता पुरावा लागेल हे पाहून पद्धत.

ऐतिहासिक, राजकीय आणि मनोविश्लेषणात्मक समीक्षेतला कामाचा फरक पुराव्यात आहे. पहिलीला संहितेबाहेरचे कागद लागतात. दुसरीला संहितेतल्या माणसांमधले सत्तेचे आणि मालकीचे संबंध लागतात. तिसरीला संहितेतला शब्द लागतो, तोही जसाच्या तसा. तुमच्याकडे यांतले काय आहे, किंवा चार-पाच महिन्यांत काय मिळू शकते, यावर निवड ठरावी.

नाशिकच्या विद्यार्थ्याला उदाहरणासाठी लांब जायला नको. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आणि मूळचे विहितगावचे बाबूराव बागूल यांच्या १९६३च्या कथासंग्रहातली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा, या दोन कृतींवर तिन्ही पद्धती लावून पाहता येतात.

एका शब्दापासून सुरुवात करू. ‘नटसम्राट’चे नायक, म्हातारे नट गणपतराव बेलवलकर, बायकोला, कावेरीला, ‘सरकार’ म्हणतात. ऐतिहासिक समीक्षक विचारेल, हे संबोधन आले कुठून? संस्थानी, सरंजामी घरांतले हे बोलणे जुन्या नाटकांच्या भाषेतून नटाच्या तोंडी रुळले का, आणि १९७०च्या प्रेक्षकाला ते कसे ऐकू आले असेल? राजकीय समीक्षक थेट व्यवहारावर येईल. समोरचे ताट द्यावे पण बसायचा पाट देऊ नये, हे ही ‘सरकार’ नवऱ्याला बजावते आणि तरीही घरदार वाटले जातेच. नाव सरकारचे, निर्णय नवऱ्याचा. मनोविश्लेषणाच्या अंगाने पाहणारा विचारेल, आयुष्यभर राजे रंगवलेला हा माणूस घरात स्वतःकडे प्रजेची भूमिका का घेतो? रंगमंचावर कधी नव्हे तो परावलंबीपणा त्याला या एका शब्दात मिळतो का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. यांतला कोणता तुम्हाला रात्री जागवतो, ते पाहा.

ऐतिहासिक वाट

‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची, बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. ऐतिहासिक समीक्षक या तारखेवरून मागे चालू लागतो. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी बोलपट सुरू झाला आणि पुढच्या काळात नाटक कंपन्या एकामागून एक बसत गेल्या. बेलवलकर ज्या दुनियेचा अभिमान मिरवतात ती १९७०च्या प्रेक्षकांतल्या थोरल्यांनी पाहिलेली आणि धाकट्यांनी फक्त ऐकलेली होती. शिरवाडकरांनी त्याआधी ‘मॅकबेथ’वरून १९५४ साली ‘राजमुकुट’ आणि १९६१ साली ‘ऑथेल्लो’ केले होते. म्हणजे ‘नटसम्राट’बद्दल ‘हे शेक्सपिअरच्या किंग लिअरवरून घेतले’ एवढे सांगून थांबणे पुरेसे नाही. शेक्सपिअरकडे पुन्हा पुन्हा गेलेल्या नाटककाराने या वेळी राजाऐवजी राजाची भूमिका करणारा नट का घेतला, हा खरा प्रश्न.

फ्रेंच समीक्षक तेन याने १८६३–६४ मध्ये साहित्य वंश, परिसर आणि क्षण यांतून घडते अशी त्रिसूत्री मांडली. मराठीतले कितीतरी प्रबंध अजून तिच्यावरच चालतात आणि त्यांचे पहिले प्रकरण ‘लेखकाचे जीवन व काळ’ असते. चाळीस पानांचे हे प्रकरण काढून टाकले तरी पुढच्या विवेचनाला धक्का बसत नसेल, तर ती समीक्षा नव्हे, चरित्राची टाचणे झाली. १९८०नंतर अमेरिकन समीक्षक स्टीफन ग्रीनब्लाट यांच्यामुळे पुढे आलेला नवइतिहासवाद इथे जास्त उपयोगी पडतो. साहित्यकृतीशेजारी त्याच काळातला साहित्येतर कागद ठेवायचा आणि दोन्ही एकाच बारकाईने वाचायचे. ‘नटसम्राट’शेजारी काय ठेवाल? कायदा ठेवून पाहा. म्हाताऱ्या आईवडिलांच्या पोटगीची तरतूद १९५६च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात आहे. दिलेली मालमत्ता, सांभाळ होत नाही म्हणून परत मागायचा रस्ता मात्र २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने दिला. आज नाटक वाचणारा विद्यार्थी ‘बेलवलकरांनी तक्रार का केली नाही?’ असे लिहून मोकळा होतो. याला कालविपर्यास म्हणतात आणि या पद्धतीत याहून मोठी चूक नाही.

दुसरी चूक त्याहून साधी आणि जास्त आढळणारी. नाटकावर लिहिताना डोक्यात २०१६चा चित्रपट असतो. नाटकात मुलगी नलिनी आहे, चित्रपटात विद्या. प्रबंधात ‘विद्याने केलेला चोरीचा आरोप’ दिसला की परीक्षकाला कळते, संहिता उघडलेली नाही.

तिसरी चूक तारखांची. ‘विशाखा’ १९४२ची, ‘चले जाव’ही १९४२चे, म्हणून ‘क्रांतीचा जयजयकार’ ही ‘चले जाव’ची कविता, असे समीकरण कोणीतरी मांडतेच. संग्रह निघण्याआधी कविता लिहिल्या गेलेल्या असतात. संग्रहाचे साल हे कवितेचे साल नव्हे. तसेच शिरवाडकर १९३२ साली, विशीत असताना, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात सामील झाले होते. ही गोष्ट मोलाची आहे, पण एखाद्या ओळीचा अर्थ तिच्यावरून परस्पर लावता येत नाही. ओळ आणि घटना यांच्यामध्ये एक तरी दुवा दाखवावा लागतो: पत्र, मुलाखत, त्या काळच्या वृत्तपत्रातली प्रतिक्रिया, काहीही.

कामाची रीत अशी. आधी पहिली आवृत्ती किंवा तिची प्रस्तावना मिळवा. मग एका पानाची कालरेषा काढा, एकाच पानाची. मग दहा-बारा समकालीन कागद जमवा आणि प्रत्येकापुढे संहितेतले पान लिहा. ज्याच्यापुढे पान लिहिता येत नाही तो कागद, कितीही दुर्मीळ असला तरी, बाजूला. निम्मा वेळ ग्रंथालयात जाणार हे धरूनच चला. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, आपले सावाना, १८४०चे आहे. तिथे जाताना ‘शिरवाडकरांवर काही आहे का?’ असे मोघम विचारू नका. नियतकालिकाचे नाव आणि वर्ष घेऊन जा.

राजकीय वाट

राजकीय म्हटले की मार्क्स आठवतो, आणि १८५९च्या प्रस्तावनेतले पाया-इमल्याचे रूपक (अर्थव्यवस्था हा पाया, साहित्य-संस्कृती हा त्यावरचा इमला) माहीत हवेच. पण मराठीत या समीक्षेला घरचा आधार त्याइतकाच भक्कम आहे. १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना जोतीराव फुल्यांनी जे पत्र लिहिले, त्यात हाच मूळ प्रश्न आहे: ज्यांची दुःखे तुमच्या ग्रंथांत नाहीत ते तुमच्या सभेत का यावेत? प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात परदेशी नावांची रांग लावण्याआधी हे पत्र नीट वाचावे.

पद्धत कोरडी वाटेल, पण फळ देते. वहीत चार रकाने आखा: प्रसंग कोणाच्या घरात, खर्च कोणाचा, बोलतो कोण, गप्प कोण. ‘नटसम्राट’ या रकान्यांत भरत गेलात की चित्र उमटते. बेलवलकर मुलाच्या घरात, मग मुलीच्या घरात, आणि शेवटी पदपथावर. त्यांना आसरा देतो तो राजा नावाचा बूटपॉलिशवाला, ज्याच्याकडे द्यायला घरच नाही. नाटक मालकी आणि माया यांना असे समोरासमोर उभे करते. आता पुढचा, जास्त अडचणीचा प्रश्न विचारा: राजाच्या स्वतःच्या दुःखाला नाटकात किती वाक्ये मिळतात? तो माणूस म्हणून येतो, की बेलवलकरांच्या दुःखाला टेकू म्हणून? उत्तर संहितेतून मोजून काढायचे, मनातून नाही.

या वाटेवर घसरण होते ती निकाल आधी लिहिल्यामुळे. ‘हे मध्यमवर्गीय नाटक आहे’ असे पहिल्या पानावर ठरले, की पुढची ऐंशी पाने त्याची उजळणी होते. असे लेबल कोणत्याही कृतीला लागते. म्हणजेच ते कोणत्याच कृतीबद्दल काही सांगत नाही. तुमच्या मताच्या विरुद्ध जाणारे निदान दोन प्रसंग शोधून त्यांना स्वतंत्र जागा द्या. प्रबंध तिथेच जिवंत होतो.

बागुलांच्या कथेसाठी मात्र आमचे मत स्पष्ट आहे: मुख्य पद्धत राजकीयच हवी. निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो, जात लपवतो, ती उघड झाल्यावर मार खातो. कथेच्या शेवटी तो मारणाऱ्यांऐवजी मनूकडे बोट दाखवतो. वैयक्तिक हल्ल्याला व्यवस्थेचे नाव देणारी ही कथा आहे. तिची मांडणीच राजकीय वाचन मागते. १९५५चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, १९५६चे धर्मांतर, १९५८चे मुंबईतले पहिले दलित साहित्य संमेलन हे संदर्भ सोबत येतील, पण सहायक म्हणून. बागुलांचा जन्म १९३०चा, काळाराम सत्याग्रहही २ मार्च १९३०ला सुरू झाला. एवढ्या योगायोगावर प्रकरण उभारायचे नाही.

मनोविश्लेषणाची वाट

ही दिसते सोपी, कारण प्रवास नाही, जुने कागद नाहीत, एक पुस्तक आणि एक खोली पुरते. बिघडते मात्र सर्वांत लवकर. सुरुवातीलाच ठरवा, मनोविश्लेषकाच्या पलंगावर कोणाला झोपवायचे: लेखकाला, पात्राला की संहितेला?

लेखकाला झोपवू नका. त्याने तुमच्यापुढे तोंड उघडलेले नाही, त्याचे बालपण तुम्हाला दुसऱ्यांच्या आठवणींतून कळलेले असते. पात्रावर काम करता येते, पण पात्राला पानाबाहेरचे बालपण नसते हे विसरायचे नाही. ‘बेलवलकरांना लहानपणी आईचे प्रेम मिळाले नसावे’ हे वाक्य खोडण्याच्याच लायकीचे. उरली संहिता: तिच्यातली पुनरुक्ती, अचानक तुटलेली वाक्ये, एकाऐवजी दुसरीच वस्तू पुढे येणे. फ्रॉइडने १९००च्या स्वप्नमीमांसेत संक्षेपण (अनेक गोष्टी एका प्रतिमेत एकवटणे) आणि विस्थापन (एका गोष्टीवरचा भाव दुसरीवर सरकणे) या दोन क्रिया सांगितल्या. पन्नास संज्ञा पाठ करण्यापेक्षा या दोन नीट वापरता आल्या तर काम होते.

‘नटसम्राट’साठी एक जागा खास सुचवावीशी वाटते. फ्रॉइडचा १९१३चा एक निबंध थेट लिअरवर येतो. तीनांतून एक निवडण्याच्या कथांमधली तिसरी, न बोलणारी स्त्री म्हणजे मृत्यू, असे तो म्हणतो; लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया ही ती तिसरी. हा निबंध उचलून ‘नटसम्राट’वर चिकटवायला गेलात तर लगेच अडाल, कारण इथे तीन मुली नाहीतच. एक मुलगा, एक मुलगी. तिसरीची जागा रिकामी आहे. हीच अडचण तुमचे प्रकरण होऊ शकते. त्या रिकाम्या जागी नाटक कोणाला आणते? शेवटपर्यंत सोबत राहून आधी जाणाऱ्या कावेरीला, नात ठमीला, की राजाला? आणि लिअरमध्ये जी लेकीच्या रूपात होती ती माया इथे रक्ताच्या नात्याबाहेर का जाते? याला जोडून फ्रॉइडचा १९१७चा शोक आणि विषण्णता यांच्यावरचा निबंध वाचा. गमावलेली वस्तू माणूस स्वतःत ओढून घेतो आणि तिच्यावरचा राग स्वतःवर काढतो, हे त्याचे सूत्र आहे. ‘जगावं की मरावं’ हे स्वगत त्याच्याशेजारी ठेवा आणि बेलवलकर कोणत्या क्षणी ‘मी’ सोडून भूमिकेच्या भाषेत शिरतात, ती वाक्ये अधोरेखित करा. सिद्धान्त नाटकावर लादला गेला की नाटकाने सिद्धान्ताला वाकवले, हे त्या अधोरेखनांवरून कळते.

बागुलांच्या कथेवर हीच पद्धत मुख्य म्हणून वापरण्यात मात्र धोका आहे. जात लपवणाऱ्या निवेदकाला ‘न्यूनगंड’ चिकटवला की मारणारे सुटतात आणि मार खाणारा रुग्ण ठरतो. ही केवळ पद्धतीची चूक नाही, अन्याय आहे. फ्रांत्स फॅनन स्वतः मनोविकारतज्ज्ञ होता, आणि त्याने १९५२ साली दाखवले की वसाहतीतल्या काळ्या माणसाचा न्यूनभाव बाहेरून, समाजाने घडवलेला असतो. त्या वाटेने गेलात तर लपवणारा निवेदक आणि जात न लपवणारा काशीनाथ सकपाळ ही जोडी एकाच मनाच्या दोन बाजू म्हणून वाचता येते. पण तेव्हाही त्या मनाचे दोन तुकडे कोणी केले, हे प्रकरणाच्या पहिल्याच पानावर यायला हवे.

निवड करताना

ग्रंथालयात बसायची चिकाटी आहे आणि तारखांशी खेळायला आवडते, तर ऐतिहासिक. मार्गदर्शकांना ही पद्धत ओळखीची असते आणि तोंडी परीक्षेत तिचा बचाव सोपा जातो. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून शिकत असाल, दुपारची ग्रंथालये गाठता येत नसतील, तर राजकीय वाट बरी. रकान्यांचे काम रात्री घरी होते. मनोविश्लेषण त्यांनीच घ्यावे ज्यांना एका पानावर आठवडा घालवायचा कंटाळा नाही आणि ज्यांचे मार्गदर्शक फ्रॉइडचे दोन तरी निबंध त्यांच्याबरोबर वाचायला तयार आहेत.

तिन्ही एकत्र करू, असा मोह होतो. करू नका. प्रत्येकीला एक प्रकरण दिले की तीन अर्धवट निबंध हाती येतात. एक मुख्य ठेवा, दुसरीला एखाद्या ठिकाणी साक्षीला बोलवा. मार्क्सवादी समीक्षक फ्रेडरिक जेमसनने १९८१ साली राजकारण आणि अबोध मन एकत्र गुंफले, पण त्याच्या पाठीशी कित्येक वर्षांचे वाचन होते. तुमच्याकडे एक सत्र आहे.

आराखडा देण्याआधी एक चाचणी घ्या. निवडलेल्या कृतीतले एक पान, फक्त एकच, घ्या आणि त्यावर ठरवलेल्या पद्धतीने दोन पाने लिहा. पहिल्या पानाच्या शेवटापर्यंत संहितेतला शब्द आला नसेल तर पद्धत कृतीवर बसत नाही. दोन पाने पुरत नाहीत, तिसरे मागतात, तर त्याच दिवशी मार्गदर्शकांकडे ती पाने घेऊन जा.