१४ महिने, १८,००० किलोमीटर: रत्नागिरीत डिझेल गाडी

गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की टाटावाले आणि महिंद्रावाले जुंपतात आणि अनुभव राहतो बाजूला. देशी, चार मीटरच्या आतली, १.५ लिटर डिझेल, मॅन्युअल. एवढं पुरे.

आधीची गाडी फियाटच्या मल्टिजेट डिझेल इंजिनाची, २०१२ ची. तेव्हा पेट्रोल-डिझेलच्या दरात तीसेक रुपयांचं अंतर होतं, आणि फियाटचं तेच १.३ लिटर इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटाच्या व्हिस्टात नि खुद्द फियाटच्या पुंटोत. देशी की परदेशी यावरून तेव्हाही लोक भांडायचे. बॉनेट उघडलं की सगळे एकाच घरचे! एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि मारुती, फोक्सवॅगन, स्कोडा, रेनॉ यांनी इथलं डिझेल सोडलं. २०२३ मध्ये होंडाही गेली. या आकाराच्या गाडीत डिझेल हवं तर ह्युंदाई-किया नाहीतर टाटा-महिंद्रा, एवढंच उरलं. कोरियन गाडी चालवून बघितली, इंजिन काय गप्प आहे! पण बाबांच्या गुडघ्यांना देशी गाडीची उंच सीट बरी पडली. निर्णय तिथेच झाला.

घाटात सुख आहे. मे महिन्यात मागची सीट पाडून आंब्याच्या पेट्या भरल्या आणि कोल्हापूर गाठलं. साखरप्याच्या पुढे चढ लागला तरी तिसरा गिअर, एसी चालू. अशा प्रवासात लिटरला वीस-एकवीस मिळतात. गावात मात्र तेराच्या वर जात नाही.

आणि गावातच घोळ झाला. जुलैत घर-बाजार-शाळा, तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. एका संध्याकाळी मारुती मंदिराजवळ डीपीएफचा, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला. धुराची काजळी त्या फिल्टरमध्ये साठते आणि ती जळायला गाडी सलग चालवून तापवावी लागते. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "दादा, गाडी खराब नाय. तुमी तिला भाजी आणायलाच फिरवताव." त्याच्या सांगण्यावरून भर पावसात हातखंब्याहून पालीपर्यंत गेलो, गिअर खालचा, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दोन हजारांच्या वर. जळकट वास आला, परत येताना दिवा विझला. घरी येऊन चावी काढली तरी पंखा घोंघावतच होता. आई म्हणाली, हिला ताप आलाय काय?

असं जाळणं अर्धवट राहिलं की इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरतं. म्हणून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघत चला, पातळी कमी झालीय का यापेक्षा वाढलीय का ते. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून खालून पाण्याचा फवारा मारून घेतो, पावसाळ्यानंतर तर नक्कीच.

महिन्यातून दोनदा तरी घाट किंवा मुंबई होत असेल तरच डिझेल घ्या. दरातलं अंतर आता तेरा-चौदा रुपयांवर आलंय. नुसत्या गावातल्या फेऱ्यांना पेट्रोल बरं. मी आता दर रविवारी हातखंब्याला जाऊन येतो. बाबा ओटीवरून विचारतात, "नेमका कुठल्या कामाला चाललास?"